स्टाफला आधी कळू दे

आठवीच्या वर्गात एक पोरगं उठून विचारतं, मॅडम उद्या अर्धीच शाळा आहे ना, आणि मॅडमना त्यातलं काहीच माहीत नसतं. त्या म्हणतात नाही रे, कुणी सांगितलं तुला, तर म्हणतं शिपाई मामांनी सांगितलं सकाळीच. चाळीस पोरं बघत असतात आणि मॅडम फळ्याकडं वळून पुढचं उदाहरण लिहायला घेतात. मी स्वतः त्या मॅडमच्या जागी उभी राहिलेय, एकदा नाही बऱ्याच वेळा, आणि तेव्हा काय वाटतं ते मला अजून आठवतं. राग नसतो तो. आपण या शाळेत नक्की कोण आहोत असं काहीतरी वाटतं आणि त्या दिवशीचे उरलेले तास मग नुसते भरले जातात.

आता मुख्याध्यापिका म्हणून माझं नववं वर्ष चालू आहे. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठचं गाव, अनुदानित हायस्कूल, पाचवी ते दहावी, सगळे धरून २३ जणांचा स्टाफ. मला बरेच जण विचारतात, खास करून नवीन मुख्याध्यापक झालेले, की स्टाफला वर्षभर मोटिव्हेट कसं ठेवायचं, एखादा चांगला वक्ता सुचवा. आम्ही पण एकदा वक्ता आणला होता, दोन तास बोलले, टाळ्या झाल्या, चहा-बिस्कीट झालं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफ तासावरून, म्हणजे रजेवरच्या शिक्षकाच्या वर्गावर कुणाला पाठवायचं त्यावरून, तीच भांडणं. त्या वक्त्यांची काही चूक नव्हती. पण माणसाचा उत्साह कुठं गळतो तेच मला तेव्हा कळलेलं नव्हतं, ते कळलं एका सरांमुळं, आणि ते मी इथं लिहिणार आहे कारण लपवून काही उपयोग नाही.

मी मुख्याध्यापिका झाले त्याच्या दुसऱ्याच वर्षी संच मान्यता आली आणि सहावी ते आठवीचं एक पद कमी झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, संच मान्यता म्हणजे पटावर किती मुलं आहेत त्यावरून शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं, पट घसरला की पद जातं आणि त्या पदावरचा माणूस अतिरिक्त ठरतो, मग त्याचं समायोजन म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवणी. सेवाज्येष्ठता बघितली तर नंबर गणिताच्या सरांचा लागत होता. मी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हटलं आधी संस्थेशी बोलू, काही मार्ग निघतोय का बघू, उगाच माणसाला टेन्शन कशाला. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी सरांना ते दुसऱ्या शाळेच्या क्लार्ककडून कळलं, पतसंस्थेत भेटले होते दोघं.

सर माझ्याकडं आले नाहीत. आवाज चढवला नाही, अर्ज दिला नाही. रोज संध्याकाळी सातवीच्या कच्च्या मुलांना अर्धा तास थांबवून घ्यायचे, ते फक्त बंद झालं. टाचण वही वेळेवर, तास वेळेवर, घंटा झाली की सायकल. मीच आठवड्यानं बोलावलं तर म्हणाले, मॅडम पद गेल्याचं एवढं वाईट नाही वाटलं, ते सरकारचं आहे, पण तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही रोज माझ्याबरोबर चहा घेत होता.

ते पुढं तालुक्यातल्याच दुसऱ्या शाळेत गेले, चांगले आहेत, भेटतात. पण त्या दिवसापासून मी एक पक्कं केलं की ज्याच्या नोकरीचा, पगाराचा, बदलीचा कागद असेल त्याला तो त्याच दिवशी कळणार, एकट्याला बसवून, माझ्या तोंडून. उपाय हाताशी नसला तरी. उपाय नसताना सांगणं फार अवघड जातं, समोरचा विचारतो मग आता काय, आणि आपल्याला म्हणावं लागतं अजून माहीत नाही, उद्या अमुक ठिकाणी विचारते. पण माणसं तेवढ्यावर टिकतात हे मी बघितलंय.

आमच्या ऑफिसात एक फळा आहे, त्याची गोष्ट त्यानंतरची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आमच्याकडं तर लाईट नाही, रेंज नाही, आणि शाळा उंचावर असल्यामुळं खालच्या वस्तीतली माणसं आमच्या वर्गात राहायला आलेली. स्टाफमधल्या चार जणांची स्वतःची घरं पाण्यात होती. लोक सारखे विचारायचे पाणी वाढलं का उतरलं, जेवणाचा टेम्पो येणार का, अमक्या गल्लीतली माणसं कुठं आहेत, आणि प्रत्येक जण वेगळं सांगायचा. तेव्हा ड्रॉइंगच्या सरांनी एक फळा काढून गेटपाशी टेकवून ठेवला आणि दिवसातून दोनदा त्यावर लिहायचं ठरलं, खात्रीनं माहीत आहे तेवढंच, बाकी ठिकाणी सरळ "अजून कळलं नाही" असं. दोन दिवसांत त्या फळ्यापाशीची गडबड एकदम शांत झाली. आणि स्टाफ, ज्यांची घरं बुडालेली ते सुद्धा, पाळ्या लावून रात्री थांबत होता. कुणी ऑर्डर काढली नव्हती की सही घेतली नव्हती.

पाणी उतरल्यावर तो फळा मी परत वर्गात नेऊ दिला नाही, मस्टरच्या टेबलाशेजारी लावला. आजही तिथंच आहे.

आमच्याकडं त्याआधी सूचना वही होती, अजूनही आहे, नियमानं लागतेच. पण सूचना वही कशी फिरते ते सगळ्यांना माहीत आहे, मामा वर्गाच्या दारात उभे, सर एका हातात खडू घेऊन दुसऱ्या हातानं सही करतात आणि कागदावर काय आहे ते संध्याकाळी एकमेकांना विचारतात. सही झाली म्हणजे कळलं असं धरून चालणं मी सोडून दिलं. आता सोमवारी परिपाठाच्या आधी दहा मिनिटं सगळे मस्टरपाशी उभे राहतो, सगळे म्हणजे क्लार्क, प्रयोगशाळा सहायक आणि घंटा देणारा पोरगा सुद्धा. या आठवड्यात काय ठरलंय, काय ठरायचंय, आणि वरून काय आलंय पण अजून स्पष्ट नाही ते. खुर्च्या मांडल्या की मीटिंग तासाची होते, त्यामुळं उभ्या उभ्याच.

घंटा देणाऱ्या पोराबद्दल दोन शब्द लिहायलाच पाहिजेत. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानंतर अनुदानित शाळेत शिपायाचं पद रिकामं झालं की नवीन माणूस भरता येत नाही, त्याऐवजी शिपाई भत्ता मिळतो, ग्रामीण भागात महिना ५००० रुपये. आमचे जुने मामा रिटायर झाले तेव्हापासून हा पोरगा त्या पाच हजारात शाळा उघडतो, झाडतो, पाणी भरतो. चाचणी परीक्षेला वेळापत्रक बदललं की अख्ख्या शाळेचा दिवस त्याच्या घंटेवर चालतो आणि पूर्वी आम्ही ते त्याला पाच मिनिटं आधी सांगायचो, तो धावत यायचा, चुकायचा, आणि सगळे त्याच्यावर ओरडायचे. त्याचे पैसे वाढवणं माझ्या हातात नाही आणि ते मला मनापासून लागतं. पण वेळापत्रकाची पहिली कॉपी आता त्याच्या हातात जाते, तेवढं माझ्या हातात होतं.

व्हॉट्सअ‍ॅपचं काय सांगायचं, जो शाळेत आहे त्याला माहीतच आहे. रात्री पावणेअकराला ग्रुपवर पत्र पडतं, वर "अत्यंत तातडीचे", खाली लिंक, माहिती उद्या १२ पर्यंत भरा. यूडायस म्हणजे शाळेची सरकारी आकडेवारी, मुलांचे आधार, अमुक दिन साजरा केल्याचे फोटो. मी पहिली दोन वर्षं ते जसंच्या तसं आमच्या स्टाफ ग्रुपवर ढकलून झोपायचे आणि २० जणांची झोप जायची. आता मी रात्री काही टाकत नाही, आठनंतर एकही मेसेज नाही, खरंच तातडीचं असेल तर ज्याचं काम आहे त्या एकालाच फोन. सकाळी पत्र वाचून दोन ओळी लिहिते, कुणाला भरायचंय, काय भरायचंय, ऑफिसनं त्यातलं किती आधीच भरून ठेवलंय. निम्म्या वेळा पत्र नीट वाचलं की लक्षात येतं की वर्गशिक्षकांना काही करायचंच नाही, सगळी माहिती क्लार्ककडं आहे. शिवाय सूचनांचा ग्रुप वेगळा केला, त्यात वाढदिवस आणि सुविचार येत नाहीत, त्यासाठी दुसरा आहे.

जूनमध्ये वार्षिक नियोजन लावतो ते सगळ्याच शाळा लावतात, घटक चाचण्या, प्रथम सत्र, डिसेंबरात एनएमएमएस ही आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा, जानेवारीत दहावीची पूर्वपरीक्षा, मग स्कॉलरशिप, प्रात्यक्षिकं, बोर्ड. आम्ही त्यात एकच भर घातली, जूनमध्येच प्रत्येकाला विचारते की तुमच्या घरी यंदा काय आहे. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन, कुणाची द्राक्षाची छाटणी, कुणाला वरिष्ठ वेतनश्रेणीचं ट्रेनिंग. मग सहलीला कोण जाणार आणि गॅदरिंगची जबाबदारी कुणावर टाकायची हे ठरवताना तो कागद समोर असतो. ऑफ तासांची मोजणी पण उघड्यावर, महिन्यात कुणाला किती लागले ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, कुणी येऊन बघावं. त्यावरची भांडणं जवळजवळ संपली, कारण भांडणं तासांची नव्हतीच, मलाच जास्त लावतात या संशयाची होती.

दिवाळीनंतरचा काळ सगळ्यात वाईट. नोव्हेंबर ते जानेवारी. सिलॅबस संपवायचाय, क्रीडास्पर्धा, सहल, गॅदरिंग, त्यात निवडणूक असेल तर ट्रेनिंगला माणसं जातात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बाकी अशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलंय, पण मतदार यादीचं काम निवडणुकीतच धरलं जातं आणि बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम दिलेला, शिक्षक वर्षभर दारोदार फिरतो. त्या दिवसांत मी रोज एका वर्गात पंधरा मिनिटं मागं बसते आणि जे चांगलं दिसलं ते त्याच दिवशी सांगते, अगदी नेमकं, की सर ते अपूर्णांकाला तुम्ही भाकरीचे चतकोर केले तेव्हा मागच्या बाकावरच्या पोरीनं मान वर केली. गोपनीय अहवालात वर्षाच्या शेवटी "अत्युत्कृष्ट" लिहिलेलं कुणाच्या कामाला येत नाही, ते मार्चमध्ये कळतं आणि गरज डिसेंबरात असते.

आणि निकालाचा सत्कार. दहावीचा निकाल लागला की दहावीला शिकवणाऱ्यांना नारळ-शाल, बाकीचे मागं उभे राहून टाळ्या वाजवतात, वर्षानुवर्षं असंच चाललेलं. आता पाचवीच्या मॅडमना पहिला मान असतो, कारण ज्या पोराला जोडाक्षर वाचता येत नव्हतं ते त्यांच्याकडं आलं होतं. ड्रॉइंगच्या ग्रेडचे आणि खेळाचे वाढीव गुण दहावीला मिळतात, तरी ड्रॉइंगचे सर आणि पीटीचे सर कधी त्या रांगेत नव्हते. पहिल्या वर्षी पीटीच्या सरांना पुढं बोलावलं तर त्यांना वाटलं माईक नीट करायला बोलावलंय. ते बघून मला रडू आलं होतं.

मागच्या सप्टेंबरातलं सांगून थांबते. १ सप्टेंबर २०२५ ला ऐन गौरी जेवणाच्या दिवशी सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांना टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा बंधनकारक, आधीपासून नोकरीत असलेल्यांना सुद्धा, ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्यांनी दोन वर्षांत पास व्हायचं. संध्याकाळपर्यंत फोनवर फोन, कुणी म्हणे उद्यापासून पगार बंद, कुणी म्हणे सगळ्यांनाच लागू, नववी-दहावीला सुद्धा. शाळा भरल्यावर मी सेवापुस्तकं काढून बसले, आठवीपर्यंत कोण शिकवतं, कुणाची जन्मतारीख काय, निवृत्तीची ५८ कधी पूर्ण होतात, सगळं मांडलं. त्या हिशोबानं आमच्यात सहा जणांना परीक्षा द्यावी लागत होती. त्या सहा जणांना आधी एकेक करून सांगितलं, मग फळ्यावर लिहिलं की निकालात काय आहे, आणि खाली लिहिलं, सरकार पुढं काय करणार हे अजून कळलं नाही, कळेल तसं सोमवारी सांगेन.

त्यात विज्ञानाच्या मॅडम, वय ५२, गप्पच झाल्या होत्या. आमच्याकडं पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाईन शिक्षक भरतीतून, आलेली शिक्षणसेवक मुलगी आहे, म्हणजे अजून कायम न झालेली नवीन शिक्षिका, विदर्भातली, १८००० मानधनावर खोली घेऊन राहते, टीईटी पास होऊन आलेली. शाळेत सगळ्यात शेवटी तिलाच सगळं कळायचं कारण तिला कुणी ओळखतच नव्हतं, म्हणून वर्षाच्या सुरुवातीला मी तिला याच मॅडमबरोबर जोडून दिलं होतं, की काही अडलं तर यांना विचार.

पुढच्या आठवड्यात सोमवारी आले तर फळ्यावर माझ्या अक्षराच्या खाली दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं होतं, टीईटी अभ्यास, शनिवारी शाळा सुटल्यावर, प्रयोगशाळेत, बालमानसशास्त्रापासून सुरू, डबा आणावा. अक्षर त्या मुलीचं होतं. शनिवारी मी साडेबाराला कुलूप लावायचं का विचारायला गेले तर घंटा देणारा पोरगा म्हणाला मॅडम तुम्ही जावा, मी थांबतोय, मला कालच सांगितलंय त्यांनी.