एकशे एकवीस पॉइंट दोन

फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच एका विमानाच्या पॅनेलखाली उताणा पडलो होतो. पलीकडून आजोबा म्हणाले, "तू जोडलेली ती वायर पुन्हा मेली."

आजोबा म्हणजे माझं गिऱ्हाईक. निवृत्त पोस्टमन, वय ७४. विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा धावपट्टीवर आमचं अ‍ॅव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीचं दुकान आहे. आपल्याकडे निवृत्तीनंतर माणूस गावी घर बांधतो, इथे ऑशकॉशच्या आसपासचे लोक विमान बांधतात. आजोबांनी अकरा वर्षं खपून गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान उभं केलं होतं.

हिवाळ्यात त्यांनी उड्डाणाची माहिती दाखवणारा नवा डिस्प्ले आणि ऑटोपायलट बसवून घेतला. जीपीएस मात्र जुनाच, क्लिपवर अडकवायचा पोर्टेबल. त्यातला मार्ग डिस्प्लेवर दिसावा आणि ऑटोपायलटनं तो धरावा, एवढीच मागणी होती. ऐकायला मोठं वाटतं, पण काम दोन वायरींचं. जीपीएसची पाठवणारी पिन डिस्प्लेच्या ऐकणाऱ्या पिनला जोडायची आणि दोघांचं ग्राउंड एक करायचं. नवशिके पाठवणारीला पाठवणारीच जोडतात आणि तासभर कोऱ्या पडद्याकडे बघत बसतात. मग दोन्हीकडे भाषा एनएमईए, म्हणजे जीपीएसची ठरलेली वाक्यं, आणि ती पाठवायचा वेग ४८०० बॉड. एकीकडे ४८०० आणि दुसरीकडे ९६०० राहिला तरी पडदा कोराच. घरी बांधलेलं, 'एक्स्पेरिमेंटल' वर्गातलं विमान असल्यामुळे हे करता आलं. कारखान्यातून प्रमाणित होऊन आलेल्या विमानात मी ही वायर ओढली नसती. तिथे पोर्टेबल जीपीएसनं क्लिपवर बसावं, लायटरच्या सॉकेटमधून वीज घ्यावी आणि गप्प राहावं, हेच बरं.

वसंतात तक्रार सुरू झाली. आजोबा शनिवारी दक्षिणेकडच्या एका गावी नाश्त्याला जायचे. तिथल्या अप्रोच कंट्रोलच्या, म्हणजे विमानतळाकडे येणाऱ्या विमानांशी रेडिओवर बोलणाऱ्या कंट्रोलरच्या हद्दीत शिरलं की डिस्प्लेवर 'जीपीएस नाही' अशी पाटी यायची, ऑटोपायलट मार्ग सोडून नुसते पंख सरळ धरायचा, आणि अर्ध्या-एक मिनिटानं सगळं जागेवर. आमच्या धावपट्टीवर परत आले की काही म्हणजे काही नाही.

मी दोनदा पॅनेल उघडलं. पिन नव्यानं क्रिम्प केल्या, कनेक्टर बदलला, इंजिन चालू ठेवून अल्टरनेटरचा आवाज वायरीत शिरतोय का पाहिलं. रेडिओचं बोलायचं बटण दाबूनही पाहिलं, आमच्या धावपट्टीच्या फ्रिक्वेन्सीवर, १२२.८ मेगाहर्ट्झवर. जीपीएस ढिम्म हलला नाही. लाजेनं बिलही लावलं नाही.

तिसऱ्यांदा मात्र मी लॅपटॉप त्याच वायरीला टॅप केला आणि मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसलो. पडद्यावर जीपीएसची वाक्यं सरकत होती. जीपीआरएमसी या वाक्यात वेळेनंतर एकच अक्षर असतं. 'ए' म्हणजे जागा पक्की, 'व्ही' म्हणजे भरवसा नाही. चाळीस मिनिटं ए, ए, ए. मग आजोबांनी अप्रोचला हाक मारली. त्यांचं रेडिओवरचं बोलणं म्हणजे आंतर्देशीय पत्र, क्षेमकुशलापासून सुरुवात. चौथ्या-पाचव्या सेकंदाला ए चा व्ही झाला आणि अक्षांश-रेखांशाच्या जागी नुसते स्वल्पविराम उरले.

वाक्य मात्र पुरं येत होतं, शेवटचा चेकसम, म्हणजे वाक्य वाटेत बिघडलं नाही ना हे तपासायचा आकडाही बरोबर. वायर बिचारी चोख काम करत होती. जीपीएसलाच आपण कुठे आहोत ते कळेनासं झालं होतं.

फ्रिक्वेन्सी पाहिली, १२१.२. रेडिओ बोलतो तेव्हा त्याच्या फ्रिक्वेन्सीच्या पटींवरही थोडी गळती होऊ शकते, म्हणून नकाशाच्या पाठीवर गुणाकार केला. १२१.२ गुणिले १३, बरोबर १५७५.६. जीपीएस ऐकतो १५७५.४२ मेगाहर्ट्झवर. आमच्या १२२.८ ची तेरापट १५९६.४ होते, लांबच राहिली. म्हणून हँगरमध्ये मला काही सापडत नव्हतं! खरं तर हे मला आधी सुचायला हवं होतं. प्रमाणित जीपीएस बसवल्यावर १२१.१५०, १२१.१७५, १२१.२०० आणि बारापटीतले १३१.२५०, १३१.२७५, १३१.३०० अशा फ्रिक्वेन्सींवर ३५-३५ सेकंद बटण दाबून पाहायचंच असतं. पोर्टेबलला कोण कशाला पाहतंय, म्हणून मी ते सोडलं होतं.

पण रेडिओ जुना, त्याची अँटेना पोटाखाली, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. मागच्या वर्षी हा त्रास नव्हता. मग बदललं काय?

उतरल्यावर मागे वाकून पाहिलं. जीपीएसच्या बाहेरच्या अँटेनाची काळी डबी आधी पुढच्या काचेखाली असायची. आता ती सीटमागे, कॅनोपीखाली, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाखाली चिकटवलेली. तिच्यापासून वीतभर अंतरावर ईएलटीची अँटेना, म्हणजे विमान आदळलं तर आपोआप संकटाचा संदेश पाठवणाऱ्या ट्रान्समीटरची.

नाशिकरोडला वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. टेबलावर दोन ट्रान्झिस्टर जवळजवळ ठेवले की एक दुसऱ्यात शिट्टी वाजवायचा, आणि बंद करून पाहायला वडील मला पळवायचे. तेच इथे केलं. ईएलटीची अँटेना संकटाच्या फ्रिक्वेन्सीसाठी, १२१.५ साठी कापलेली, त्यामुळे १२१.२ ची हाक ती आवडीनं झेलते. ती आत ट्रान्समीटरच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरपर्यंत जाते, तिथे तिच्या पटी तयार होतात आणि त्याच दांडीवरून बाहेर पडतात. वीस हजार किलोमीटर वरून आलेल्या उपग्रहाच्या कुजबुजीचा तिथे काय पाड लागणार?

आधी कान देऊन फ्रिक्वेन्सी मोकळी असल्याची खात्री केली, चाचणी आहे असं सांगितलं आणि १२१.१७५ वर बटण दाबलं. सात सेकंदांत व्ही. ईएलटीची कोअ‍ॅक्स, म्हणजे अँटेनाची केबल काढून दाबलं, पुरे ३५ सेकंद ए. कोअ‍ॅक्स परत लावली आणि घट्ट बसल्याचं आजोबांनाही हात लावून बघायला सांगितलं. ती सुटी राहिली असती तर जीपीएसची तक्रार बरी म्हणायची वेळ आली असती.

"डबी मागे का नेलीत?"

"काचेत तिचं प्रतिबिंब पडतं. बायकोला नाही आवडत." मग थोडं थांबून, "पण मी वायरीला हात नव्हता लावला हं."

डबी पुन्हा पुढे आणली, प्रतिबिंब मोडायला खाली काळ्या मखमलीचा तुकडा लावला. पुढच्या शनिवारी लॅपटॉप घेऊन परत शेजारी बसलो. १२१.२ वर आजोबांनी कंट्रोलरला विमानाचा नंबर, उंची, आजचा नाश्ता आणि मागच्या तीन शनिवारांची अख्खी हकिकत ऐकवली. ए, ए, ए. बटण सोडल्यावर क्षणभर शांतता. मग कंट्रोलर म्हणाला, "आणखी काही?"