फिक्सीला लेकीची गाडी: तिसरा आठवडा

फिक्सी म्हणजे मागचं चाक फिरलं की पायडलही फिरणारच, अशी सायकल. तिच्या ४६-१६ वरच (पुढे ४६ दाते, मागे १६) लेकीला बसवायचा ट्रेलर ओढून दाखवतो, असं मागे छातीठोक म्हटलं होतं. नाही जमलं. ट्रेलर १३ किलोचा, लेक १४ किलोची, वर येताना हटकून घेतलेलं शहाळं. दापोलीजवळच्या मुरुडच्या वाड्यांमधून बाहेर पडेपर्यंत गुडघे बोलायला लागले. आता मागे २० दात्यांची चकती, साखळीत दोन कड्या जास्त. पायडलच्या एका फेरीत सहा मीटर जाणारी सायकल आता पाचाच्याही आत जाते. कर्द्याच्या सपाट रस्त्याला एवढं पुष्कळ.

खरं दुखणं दुसरीकडेच निघालं. ट्रेलर सायकलला जोडायची कडी डावीकडे, मागच्या चाकाच्या नटाखाली अडकवली होती. एका छोट्या चढावर उभं राहून जोर दिला आणि आस डाव्या बाजूने पुढे सरकला, टायर चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला) घासायला लागला. उतरून बघतो तर नटाचे दाते फ्रेमच्या पत्र्यात रुतायच्या ऐवजी कडीच्या रंगात रुतलेले! आता लांब आस टाकलाय. आधी नट थेट फ्रेमवर, १५ नंबरच्या पान्याने करकचून, मग कडी, मग वरून दुसरा नट. बाहेर दोन-तीन आटे दिसतात. कडी सुटलीच तर ट्रेलर धरणारा पट्टाही चेनस्टेभोवती आहेच. तेव्हापासून चाक जागचं हललेलं नाही.

थांबून पुन्हा निघणं मात्र अजून अंगवळणी पडलं नाही. एरवी मागचं चाक उचलून पायडल हवं तिथे आणतो. कडी लावल्यावर ते विसरायचं. मागे ढकलावं तर ट्रेलर आडवा होऊन कोणाच्या तरी गडग्याला टेकतो आणि आतून "बाबा, माझी रिक्षा वाकडी झाली!" म्हणून आरडाओरडा. म्हणून आता थांबतानाच उजवा पाय वर येईल असा अंदाज घेत थांबतो. दहातून सहा वेळा साधतं.

मागचा ब्रेकही बसवून घेतला. पक्क्या फिक्सीवाल्यांनी खुशाल हसावं. उतारावर पाय थांबवायची सोय नाही आणि मागून तीस किलो ढकलतायत. वळणावर नुसत्या पायांनी चाक अडवून घसरवलं तर ट्रेलर सायकलला बाजूला रेटणार. आसूदचा उतार तर लेकीला घेऊन करणारच नाही, त्याला टेम्पो आहे.

कालपासून ट्रेलरचं डावं चाक करकरतंय. वाळू आणि खारा वारा, दुसरं काय. रविवारी बेअरिंग उघडतो.