पान ८६, डावीकडची चौकट

पुस्तक छपाईला जायचं असतं त्या दिवशी आमच्या नारायण पेठेतल्या कचेरीत कुणी फारसं बोलत नाही. शेवटचं प्रूफ टेबलावर असतं आणि प्रत्येकाला धाकधूक असते की चूक निघाली तर आपल्याच पानावर निघणार. त्या दिवशीचं पुस्तक होतं एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या आईबापांसाठी. सलग वाचायचं नव्हे, गरज पडली की उघडायचं. मुलानं नाकात शेंगदाणा घातला, काढा पान. ताप चढला, काढा पान. भर दुकानात लोळण घेतली, काढा पान. एकूण १६० पानं, म्हणजे छपाईचे सोळा-सोळा पानांचे बरोबर दहा फॉर्म. लेखक बालरोगतज्ज्ञ, हात अनुभवी, भाषा मात्र परीक्षेतल्या उत्तरासारखी.

त्या पुस्तकाबाबत मी जरा ताठ्यातच होते. कारण पॅरासिटामॉलचं कोष्टक. हस्तलिखितात 'इतक्या वजनाला इतके मिली' असं सरसकट दिलेलं होतं. मी आमच्या नातवाचा औषधाचा डबा उघडून बाटल्या ओळीनं मांडल्या. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम, एका सिरपच्या ५ मिलीत १२० आणि दुसऱ्याच्या ५ मिलीत २५०. डॉक्टरांचा हिशेब किलोमागे १५ मिलिग्रॅमचा, म्हणजे १२ किलोच्या मुलाला एका वेळी १८०. साध्या सिरपचे साडेसात मिली, जास्त ताकदीच्याचे ३.६ आणि थेंबांचे जेमतेम १.८. घाईत कुणी साडेसात मिली थेंबच पाजले तर पोराच्या पोटात चौपटीहून जास्त औषध! डॉक्टरांना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "बाई, बरं झालं पाहिलंत." त्या एका 'बरं झालं'वर मी महिनाभर चालले.

तर, शेवटचा दिवस. आमची डीटीपी करणारी, म्हणजे संगणकावर पानं लावणारी मुलगी तिच्या अडीच वर्षांच्या पोराला घेऊनच आली होती. छोटूला सकाळी कणकण होती, म्हणून पाळणाघरानं दारातूनच परत पाठवलं होतं. जुन्या प्रुफांच्या गठ्ठ्यांशेजारी सतरंजी घालून त्याला निजवलं आणि ती शेवटच्या दुरुस्त्या करायला बसली. साडेबाराच्या सुमारास काका चहा घेऊन आले आणि त्यांनीच पाहिलं. छोटूचे डोळे वर गेलेले, हातपाय ताठ होऊन झटके द्यायला लागलेले, तोंडाला फेस.

पुढची दोन मिनिटं मला आजही क्रमानं आठवत नाहीत, तुकड्यांनी आठवतात. काकांनी पायातली चप्पल काढली, हुंगवायला. आमचे प्रकाशक, एरवी पेन उचलून न देणारे, चहाच्या ट्रेमधला चमचा घेऊन धावले, 'दातखीळ बसेल' म्हणत. आणि मी? माझ्या हातात पुस्तक होतं. याच प्रसंगासाठी केलेलं, चार वेळा वाचलेलं, कोष्टकं तपासलेलं पुस्तक. मी मागची सूची उघडली. 'आ'मध्ये आकडी नाही. 'फ'मध्ये फिट नाही, तिथे फळं. 'झ'मध्ये झटके नाहीत, झोप आहे. 'म'मध्ये मिरगी नाही. बोट ओळींवरून फिरतंय आणि अक्षरं नुसती काळी दिसताहेत.

"काका, चप्पल नको. भिंतीवरचं घड्याळ बघा, किती वाजले ते सांगा. सर, तो चमचा ठेवा, तोंडात काही घालायचं नाही."

हे छोटूची आई बोलत होती. गुडघ्यांवर बसून तिनं त्याला कुशीवर वळवलं होतं, शर्टाचं वरचं बटण सोडलं होतं, शेजारचा स्टूल पायानं दूर ढकलला होता. हातपाय दाबून धरले नव्हते. आवाज कापत होता, पण वाक्यं पाठ केल्यासारखी येत होती. "पाच मिनिटांच्या आत थांबते बहुतेक वेळा. थांबली नाही तर लगेच दवाखाना."

थांबली. काकांच्या घड्याळाप्रमाणे दोन मिनिटं आणि वर थोडे सेकंद. मग छोटू ढिला पडला, गुंगीत गेला. पोराला मांडीवर घेऊन ती, शेजारी मी आणि पुढे ड्रायव्हरशेजारी काका अशी आमची रिक्षा मुलांच्या दवाखान्यात पोचली. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती वेळ चालली?" आणि काकांनी साक्षीदारासारखं उत्तर दिलं. तापातली आकडी. सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना येते, दिसायला भयंकर, बहुतेकांना पुढे त्रास नाही, पण पहिल्यांदा आली की दाखवायलाच हवं. ताप कशाचा ते तपासलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. पाच वाजता छोटू बिस्किट मागत होता.

बाकावर बसल्या बसल्या मी तिला विचारलं, "तुला इतकं कसं सुचलं गं?"

"ताई, पान ८६. डावीकडची चौकट. मजकूर एक ओळ जास्त व्हायचा, तीनदा लावली ती. पाठच झाली."

मी पिशवीतून प्रूफ काढलं. चौकट होती, अगदी तिनं केलं तेच सगळं क्रमानं दिलेलं. मथळा होता 'ज्वरजन्य आक्षेप'. म्हणजे सूचीत 'ज'खाली. काकांनी वाकून वाचलं आणि म्हणाले, "आक्षेप म्हणजे कुणी हरकत घेतली का?"

सूची मीच केली होती. डॉक्टरांचे मथळे उचलले, अकारविल्हे लावले आणि दुपारभरात मोकळी झाले. लावतानाही सगळा जीव 'अं'मध्ये अडकला होता. बाराखडीत तो 'औ'नंतर येतो, संगणक त्याला 'अक'च्याही आधी आणून बसवतो, त्यावर अर्धा तास वाद घातला होता मी. घाबरलेली आई कोणता शब्द शोधेल, हा प्रश्न मात्र शिवलाही नव्हता.

दवाखान्यातूनच प्रेसला फोन करून काम थांबवलं. प्रकाशकांनी कागद, यंत्राची पाळी, बाइंडरची तारीख अशी सगळी यादी वाचली. मी म्हटलं, चमचा कुणी आणला होता? त्यांनी नव्या सूचीसाठी अर्धा फॉर्म मंजूर केला, आठ पानं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या मथळ्यांची यादी घेऊन बसले. समोर काका, झाडूपोछा करणाऱ्या मावशी आणि फोनवर छोटूची आई. मी दुखणं सांगायचं, त्यांनी आपल्या घरचा शब्द सांगायचा. 'अतिसार' म्हटल्यावर जुलाब, ढाळ, हगवण, पातळ शी असे चार शब्द आले. चारही घेतले आणि सगळ्यांसमोर जलसंजीवनीचं पान टाकलं. मावशींनी 'दात येताना लागतात ते' अशी भर घातली. जुलाब दातांमुळे होत नाहीत, पण शोधणारी 'द'खालीच शोधणार, म्हणून 'दात येताना जुलाब' हीसुद्धा नोंद झाली. 'बद्धकोष्ठ'चं 'शी कडक होणे'. 'भावनिक उद्रेक' ऐकून मावशी नुसत्या बघत राहिल्या. मी समजावून सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हणजे हट्ट. भोकाड पसरणं. लोळण."

डॉक्टरांना 'हगवण' रुचलं नाही, पुस्तकात शोभत नाही म्हणाले. मी छोटूची हकिकत सांगितली. मग त्यांनी स्वतःच विचारलं, "बाई, 'फेफरं' घेतलंत का?" नव्हतं घेतलं. घेतलं. चौकटीचा मथळाही बदलला, 'तापात आकडी येणे'. पान तेच, ८६. छोटूची आई कामावर आली तेव्हा चौकट पुन्हा एका ओळीनं फुटली होती.

सूची पुन्हा छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी काका टेबलाशी येऊन उभे राहिले. "ताई, एक राहिलं. चप्पल."

"चप्पल?"

"माणूस आधी चप्पल काढतो. नंतर पुस्तक."

छापील पुस्तकात 'च'खाली आता असा क्रम आहे: चटका बसणे, चप्पल हुंगवणे, चमचा तोंडात घालणे, चावा घेणे, चिंचोका नाकात जाणे. दुसऱ्या आणि तिसऱ्या नोंदीपुढे 'नको' असा एकच शब्द आणि पान ८६.