एकट्याने सायकलवर श्रीलंका : सोलापूरहून जायचं तर

सायकल विमानात कशी नेली, हे सगळ्यात जास्त जण विचारतात, म्हणून आधी तेच सांगतो. सायकलच्या दुकानात नवीन सायकली ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात येतात तसलं एक मागून आणलं, पुढचं चाक काढलं, हँडल आडवं फिरवलं, सीट खाली केली, पेडल काढली (डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जोर लावत बसू नका), मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवतो तो भाग) सोडवून बबल रॅपमध्ये गुंडाळून फ्रेमच्या आत बांधला. खोका घेऊन मुंबईला जायचं कुणी सांगितलंय, चेन्नईची गाडी सोलापूरवरूनच जाते की. चेन्नईहून कोलंबो जेमतेम सव्वा तासाचं विमान. व्हिसा ऑनलाईन. विमानतळाजवळच्या निगोंबोत गेस्ट हाऊस घेतलं आणि रिकामा खोका तिथंच ठेवून निघालो, परत येताना लागतोच.

बाबांचं म्हणणं, सायकलवरच जायचं तर तुळजापूरला जा, देवदर्शन तरी होईल.

वाट अशी: पुत्तलम, अनुराधापुरा, हबराना, दंबुल्ला, कँडी, नुवारा एलिया, मग हॅटनकडून उतरून परत निगोंबो. महिना फेब्रुवारी. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने, त्यामुळं ते टेन्शन नाही, पण प्रायव्हेट बसवाले म्हणजे काय सांगू, मागून हॉर्न ऐकला की सरळ मातीत उतरायचं, मान नंतर ठेवता येतो.

घरचे, मित्र म्हणत होते सोलापूरचा माणूस तू, तुला ऊन काय करणार. अहो आपलं ऊन कोरडं, घाम आला की वाळतो. तिथं वाळतच नाही, टी-शर्ट पिळून पिळून चालवायचं, आणि पाण्याने भागत नाही, मीठ लागतं. मी केशरी शहाळं, ज्याला तिथं थंबिली म्हणतात, आणि बॅगेतली कडक भाकरी-शेंगा चटणी यावर दुपारी काढल्या. भाकरीचा पार चुरा झालेला, पण चटणी घालून मूठमूठ खाल्ला की पुढचे वीस किलोमीटर सहज जातात. सकाळी इडिअप्पम, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, आणि सोबत पोल संबोल ही चटणी, ओलं खोबरं, लाल मिरची, लिंबू घातलेली. तिखटाला आपल्या तोडीचं.

अनुराधापुऱ्याच्या बाजूला दर थोड्या अंतरावर तलाव, राजांनी हजार-दोन हजार वर्षांपूर्वी बांधलेले, अजून त्यावर भातशेती चालू. आपल्याकडं एकरुख तलावाचं पाणी किती राहिलं ते बघत उन्हाळा जातो, त्यामुळं मला हे बघून जरा जळलंच.

हबरानाजवळ रस्त्यावर रानटी हत्ती येतात. एक चहावाल्या आजी हातवारे करून करून सांगत होत्या, चारनंतर जाऊ नको. ऐकलं, तिथंच मुक्काम.

खरा दम निघतो कँडीनंतर. कँडी साधारण 500 मीटरवर, नुवारा एलिया 1868. रंबोडा घाटाची वळणं संपता संपत नाहीत, दोन्हीकडं चहाचे मळे, आणि मी सगळ्यात हलक्या गिअरवर चालण्याच्या स्पीडने. मागच्या चाकाला 34 दात्यांची कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच, सगळ्यात मोठी चकती 34 दात्यांची) टाकून गेलो होतो म्हणून उतरावं लागलं नाही, सामानासकट जाणाऱ्याने यात कंजूषी करू नये. वर पोचल्यावर हुडहुडी भरते, जॅकेट बॅगेत वरतीच ठेवा, नाहीतर उतारावर बोटं ब्रेकला चिकटतात.