काना दिसेना, शिरोरेषा दिसे

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफांच्या गल्लीत, चाळीस वर्षे कोल्हापुरी साजाची पाने घडवणारे एक कारागीर डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सहाव्या आठवड्यात तपासणीला आले, तेव्हा त्यांनी केलेली तक्रार मी जशीच्या तशी त्यांच्या कागदावर उतरवून घेतली होती. "डॉक्टर, आडवं समदं ठळक दिसतंय, पण उभं विरघळल्यागत हुतंय." समोरच्या देवनागरी तक्त्यावरच्या शिरोरेषा त्यांना ठसठशीत दिसत होत्या, काने मात्र पुसट होते, त्यामुळे 'पान' आणि 'पन' यांतला फरक त्यांना अंदाजाने लावावा लागत होता. दृष्टिवैषम्याचे, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातल्या सिलिंडरच्या नंबराचे, इतके नेमके वर्णन मी पाठ्यपुस्तकातही वाचलेले नाही.

तपासणीत उणे 2.25 चा सिलिंडर, अक्ष 90 निघाला, म्हणजे दोष आडव्या दिशेतल्या जास्तीच्या वक्रतेचा होता. चष्म्याने ते तक्त्याची शेवटून दुसरी ओळ वाचत होते, म्हणजे कागदोपत्री शस्त्रक्रिया यशस्वी होती. पण सोन्याची तार वळवताना आणि जवमणी ओवताना हा माणूस चष्मा काढून डोळ्याला भिंग लावतो, आणि त्या भिंगाखाली माझ्या यशाचा काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी मी त्यांची जुनी फाईल काढली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या केराटोमेट्रीत, म्हणजे वक्रतेच्या मोजणीत, पारपटलाची (कॉर्नियाची) वक्रता उभ्या दिशेत 43.50 आणि आडव्या दिशेत 44.50 डायॉप्टर होती; डायॉप्टर हे चष्म्याच्या नंबराचेच एकक. आडवी दिशा मुळातच एका डायॉप्टरने अधिक ताठ, म्हणजे अधिक वक्र, होती, हे आकडे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. मी ते वापरले होते, पण केवळ लेन्सची पॉवर काढण्यापुरते. छेद कुठे घ्यायचा हे मात्र मी आकड्यांना न विचारता खुर्चीला विचारले होते, आणि खुर्ची नेहमीप्रमाणे रुग्णाच्या डोक्याशी होती. तिथून 7 मिलिमीटरचा वरचा छेद झाला. आता तीच वक्रता उभी 42.75 आणि आडवी 45.00 झाली होती. सव्वा डायॉप्टरची भर माझी होती.

कारण सरळ आहे. छेद ज्या दिशेत असतो त्या दिशेतली वक्रता सैल पडून सपाट होते आणि तिच्याशी काटकोनात असलेली दिशा काही प्रमाणात ताठरते. तरुणपणी बहुतेकांची उभी दिशा अधिक ताठ असते. वय वाढेल तसे पारडे फिरते आणि आडवी दिशा वरचढ होते. मोतीबिंदूचे रुग्ण बहुतेक वयस्करच असतात, म्हणजे वरचा छेद त्यांच्यापैकी अनेकांच्या दोषात भरच घालतो. तरीही आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वरूनच शिरत आलो, कारण वरची पापणी जखम झाकते, सूक्ष्मदर्शक तिथेच उभा असतो आणि शिकवणारेही तिथेच बसत असत. पूर्वीच्या 10 ते 12 मिलिमीटरच्या टाक्यांच्या शस्त्रक्रियेत टाका किती आवळला यावरच सगळे फिरायचे, त्यामुळे जागेचा विचार मागे पडला असावा, असे मला वाटते.

उजव्या डोळ्यात दीड डायॉप्टरचे वैषम्य होते. उभी वक्रता 43.50, आडवी 45.00. मोतीबिंदू पिकून तपकिरी आणि कठीण झाला होता. अडीच मिलिमीटरहून लहान छेदातून फेको, म्हणजे अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून काढण्याची शस्त्रक्रिया, केली असती तर वक्रतेला फारसा धक्का लागला नसता, पण इतके कठीण केंद्रक, म्हणजे मोतीबिंदूचा गाभा, फोडताना अल्ट्रासाउंडची जी ऊर्जा लागते ती त्यांच्या पारपटलाच्या विरळ झालेल्या आतल्या पेशींना सोसली नसती. शिवाय या खेपेला मला वक्रतेला थोडा धक्का द्यायचाच होता. म्हणून बिनटाक्याची लहान छेदाची शस्त्रक्रियाच करायची, पण कानशिलाच्या बाजूने, असे ठरवले.

त्यांना हे समजावताना त्यांनी मान डोलावली आणि विचारले, "मग डावा डोळा बी बाजूनंच का न्हाई केला?"

"मामा, त्या वेळी मी नेहमीच्या जागी बसलो," एवढेच मी सांगू शकलो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "सवयीनं आमचं बी पान बिघडतंय कधी कधी."

शस्त्रक्रियेच्या सकाळी त्यांना स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या यंत्रासमोर ताठ बसवून पारपटलाच्या कडेवर शाईने आडव्या अक्षाच्या दोन खुणा केल्या, कारण माणूस आडवा झाला की डोळा काही अंशांनी फिरतो आणि तेवढ्यानेही हिशेब चुकतो. थिएटरमध्ये मी खुर्ची टेबलाच्या उजव्या अंगाला नेली, तेव्हा सिस्टर सूक्ष्मदर्शकाचे पेडल हातात धरून दोनदा माझ्याकडे पाहत राहिल्या. हाताला टेकू नव्हता आणि ट्रेही भलत्या बाजूला आला होता. मात्र भुवईचे हाड आड येत नव्हते आणि डोळा खाली ओढून धरणारा वरच्या स्नायूचा दोरा घालावा लागला नाही, हा लाभ मी आधी जमेस धरला नव्हता.

छेदाच्या आकारापाशी मी अडलो. मधला भाग पारपटलाच्या कडेजवळ आणि टोके मागे वळलेली, असा छेद मी एरवी घेतो, कारण तो वक्रतेला सर्वांत कमी हलवतो. इथे तोच गुण आडवा येत होता. पारपटल आडवे लांबट असल्याने कानशिलाकडचा छेद दृष्टीच्या केंद्रापासून आधीच दूर पडतो आणि त्याचा परिणाम सौम्य असतो. 2005 साली इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीत आलेल्या तुलनेत वरच्या छेदाने सरासरी 1.28, तर बाजूच्या छेदाने अवघे 0.37 डायॉप्टर वैषम्य निर्माण झाले होते. लांबी वाढवावी, तर परिणाम लांबीच्या घनाच्या पटीत वाढतो, असा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने 7 मिलिमीटरचा छेद 6 च्या दीडपटीहून अधिक बोलतो, पण जखम आपोआप मिटण्याची खात्री कमी होत जाते, आणि इथे झाकायला पापणीही नाही. अखेर कॅलिपरने साडेसहा मिलिमीटर मोजले आणि कडेपासून दीड मिलिमीटर मागे सरळ रेषेतला छेद घेतला. क्रेसेंट ब्लेडने बोगदा करताना हात अनोळखी कोनात होता, म्हणून मी एरवीपेक्षा पुष्कळ सावकाश गेलो. तपकिरी केंद्रक अखंड बाहेर आले, लेन्स बसली, आणि कोरड्या स्पंजाने जखमेवर दाब देऊन पाहिले तेव्हा पाणी झिरपले नाही. पहिले काही आठवडे डोळा चोळायचा नाही आणि त्या कुशीवर झोपायचे नाही, हे त्यांच्या सुनेला दोनदा बजावले.

सहा आठवड्यांनी उजव्या डोळ्याची केराटोमेट्री उभी 43.75 आणि आडवी 44.50 आली, दीडचे पाऊण झाले होते. डाव्या डोळ्यासाठी पारपटलाच्या कडेवर सैल करणारे छेद देता येतील, हा पर्याय मी मांडला. त्यांनी नको म्हणून सांगितले. मग खिशातून भिंग काढून, आयुष्यभर ते ज्या डाव्या डोळ्याला लावत आले होते, तिथपर्यंत सवयीने नेले, मध्येच थांबले आणि उजव्या डोळ्याला लावून माझ्या टेबलावरच्या कागदावरचे काने वाचू लागले.