घरी केलेला डेक: अडतं ते चिकटवण्यापाशी

स्केटबोर्डचा डेक, म्हणजे उभं राहायची फळी, घरी करायचा तर कापणं, घासणं, भोकं पाडणं ही एका दुपारची कामं. अडतं ते चिकटवण्यापाशी. कडेने फेविकॉल छान ओघळलेला दिसतो, वरून सगळं घट्ट वाटतं, आणि आठवड्याभरात डेकचा मधला भाग पोकळ वाजायला लागतो. माझा पहिला डेक असाच उकलला. त्याची चीड अजून गेली नाही, म्हणून हे लिहितोय.

विकतच्या डेकमध्ये मेपलचे दीड मिमीचे सात थर असतात, त्यातले दोन आडव्या तंतूंचे. तसलं मेपल आपल्या वखारीत मागून मिळत नाही. त्यामुळे ४ मिमी मरीन प्लायचे तीन थर, एकूण १२ मिमी. शीटवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघून घ्या. आयएस ३०३ म्हणजे साधा प्लाय. शिक्का असला तरी कड निरखायचीच. आतल्या थरात फट दिसली तर ती शीट परत करा, कारण नेमकी तिथेच ट्रकच्या (फळीखाली चाकं धरणारा धातूचा भाग) बोल्टची भोकं आली तर डेक तिथून फाटतो. एका आठ बाय चारच्या शीटमधून ३८ बाय १० इंचाच्या आठ पट्ट्या निघतात.

पट्ट्या कापण्याआधी शीट दोन्ही दिशांनी वाकवून बघा. ४ मिमी प्लायमध्ये बऱ्याचदा वरचे पापुद्रे अगदी पातळ आणि मधला थर जाड असतो, म्हणून वरच्या रेषांवर विसंबलं की फसगत होते. ज्या दिशेने वाकायला जास्त जोर लागतो, ती डेकची लांबी.

डेकला कमान यावी म्हणून थर साच्यावर दाबून चिकटवायचे. साचा भरीव हवा. १८ मिमी प्लायच्या १४ पट्ट्यांना एकसारखी कमान कापून त्या शेजारी शेजारी आवळल्या की २५ सेंमी रुंदी मिळते. कमान मधोमध १८ मिमी ठेवली. साच्यातून काढल्यावर तीन थरांचा डेक साधारण नवव्या हिश्शाने मागे येतो, म्हणजे हातात १६ मिमी उरते.

आता चिकटवणं. सी-क्लॅम्प फक्त कडेला पकडतो, मध्यावर दाब पोचतच नाही, हे खरं दुखणं. त्यावर उपाय आडव्या लाकडी पट्ट्यांचा. दीड-दोन इंच जाडीच्या आठ पट्ट्या घ्या, डेकच्या रुंदीपेक्षा थोड्या लांब. प्रत्येकीची खालची बाजू टोकांकडे रंध्याने २ मिमी उतरवा, म्हणजे पोट किंचित फुगीर राहील. दोन्ही टोकांना सहा इंची क्लॅम्प आवळला की पट्टी आधी मध्यावर टेकते आणि मग कडेला बसते. क्लॅम्प एकूण सोळा, आणि आवळायला सुरुवात मधल्या पट्टीपासून. टोकांपासून आवळलं तर मध्ये हवा कोंडते.

मरीन फेविकॉल दोन सांध्यांना मिळून ८०-१०० ग्रॅम पुरतो. उन्हाळ्यात आठ-दहा मिनिटांत त्यावर साय धरते; बोट लावल्यावर तार न येता पापुद्रा निघाला तर तो थर वाया गेला. म्हणून आधी कोरडी जुळणी करून क्लॅम्प हाताशी लावून ठेवा, आणि ब्रशऐवजी दातेरी पत्र्याने पसरा.

यानंतरची वाट बघणं जिवावर येतं. हा गोंद सुकतो तो त्यातलं पाणी लाकडात शिरून, आणि मधल्या थराला हवाच लागत नाही. क्लॅम्प २४ तास, पावसाळ्यात ३६. त्यानंतर कापण्याआधी आणखी तीन दिवस डेक साच्यावरच हलका बांधून ठेवा. लवकर सोडला तर कमान रोज थोडी थोडी बसते आणि ती परत येत नाही. साच्यावर प्लास्टिक अंथरायचं विसरू नका, नाहीतर डेक साच्यालाच चिकटतो.

तुमचं वजन ७५ किलोच्या वर असेल तर चौथा थर घाला. डेकचं वजन तिसऱ्या हिश्शाने वाढतं, कडकपणा मात्र दुपटीहून जास्त. खालून फायबरग्लासचं कापड लावलं तर आणखी बरं, कारण ताण खालच्या बाजूलाच येतो. ते चिकटवायला रेझीन मागितलं की बहुतेक दुकानदार पॉलिएस्टर पुढे करतात. लाकडाला ते धड धरत नाही. इपॉक्सीच घ्या.

ट्रकच्या भोकांमधलं अंतर ४१.३ बाय ५४ मिमी, जुन्या ट्रकना ४१.३ बाय ६३.५. ड्रिल साडेपाच मिमी, वरून खाली, आणि खाली टाकाऊ लाकूड धरून. कडांना पॉलीयुरेथेनचे तीन हात द्या, पाणी तिथूनच शिरतं.

पाय घसरू नये म्हणून वरून चिकटवायची खरखरीत ग्रिप टेप लावण्याआधी डेक दोन विटांवर ६५ सेंमी अंतरावर ठेवून मधोमध उभे राहा. कमान सपाट होऊन थोडी खाली गेली तर ठीक. चर्र असा आवाज आला तर उतरा, नाण्याने ठोकत पोकळ जागा शोधा, आणि सापडली की त्या डेकवर ट्रक लावू नका.