उसन्या गाण्यांचे ऐश्वर्य

हेवी मेटल हे कोणाचेच देणे न लागणाऱ्या बंडखोरांचे संगीत आहे, असा एक समज रूढ आहे आणि काळे कपडे, कवट्यांची चित्रे आणि कानठळ्या बसवणारा आवाज यांमुळे तो टिकूनही राहतो. मेटल बँडचा अल्बम हाती आला की मी मात्र आधी त्यात दुसऱ्या कोणाचे गाणे आहे का, ते शोधतो. कारण स्वतःच्या गाण्यांतून बँड आपली जी प्रतिमा उभी करतो, तिच्यापेक्षा तो काय ऐकत वाढला हे मला अधिक बोलके वाटते. या संगीताचे मूळपुरुष मानल्या जाणाऱ्या ब्लॅक सॅबथचे १९७० साली निघालेले पहिले सिंगल, म्हणजे सुटे प्रकाशित झालेले गाणे, ‘ईव्हिल वूमन’, हेदेखील क्रो नावाच्या अमेरिकी बँडचेच होते. म्हणजे उसनवारी या घरात पहिल्या दिवसापासून आहे.

उसने गाणे घेऊन त्याचे काय होऊ शकते, याचा माझ्या मते सर्वांत सुंदर नमुना म्हणजे ज्यूडस प्रीस्ट या मेटल बँडने १९७७ साली ‘सिन आफ्टर सिन’ या अल्बममध्ये गायलेले ‘डायमंड्स अँड रस्ट’. मूळ गाणे लोकगायिका जोन बाएझ यांचे, १९७५ चे. जुन्या प्रियकराचा अचानक फोन येतो आणि आठवणी उसळून येतात, एवढाच त्याचा विषय. इतके हळवे गाणे विजेच्या गिटारांवर टिकले कसे, याचे उत्तर अंशतः त्या वाद्याच्या स्वभावात आहे. गिटारला डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका-खरखरीत करणारा परिणाम, लावल्यावर अनेक स्वर एकत्र छेडले, तर त्यांतून इतके उपस्वर उमटतात की सगळा गिचका होतो. म्हणून मेटलचे वादक बहुतेक वेळा षड्ज आणि पंचम एवढेच दोन स्वर एकत्र वाजवतात आणि त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. यात गंधार गळून जातो, आणि पाश्चात्त्य स्वरमेळाची प्रसन्नता किंवा उदासी तर बव्हंशी गंधार शुद्ध की कोमल यावरच ठरते. गिटार अशी तटस्थ झाली की भावनेचा सगळा भार गळ्यावर येतो. प्रीस्टचे गायक रॉब हॅलफर्ड यांनी तो असा पेलला आहे की बाएझ यांच्या आवाजातली समजूतदार खंत येथे संतापाच्या काठावर जाऊन उभी राहते. शब्द बहुतांशी तेच, पण बाई आठवत होती आणि हा माणूस विसरू पाहतो आहे, असे मला दर वेळी वाटते.

हेच गाणे प्रीस्टच्या ‘अनलीश्ड इन द ईस्ट’ या १९७९ च्या लाइव्ह अल्बममध्येही आहे. ध्वनिमुद्रण टोकियोतील मैफलींचे; पण हॅलफर्ड यांचा आवाज तेव्हा नीट लागला नव्हता, म्हणून गायन नंतर स्टुडिओत पुन्हा मुद्रित केले गेले, आणि चाहत्यांनी या अल्बमला ‘अनलीश्ड इन द स्टुडिओ’ असे टोपणनाव बहाल केले. शुद्धतावाद्यांना हे खटकते. मला खटकत नाही, कारण वादनातली ती धग स्टुडिओत निर्माण होणारी नव्हे. लाइव्ह अल्बम हा पुरावा असतो, असे मानणाऱ्यांनी मोटरहेड या बँडच्या ‘नो स्लीप टिल हॅमरस्मिथ’कडे पाहावे, १९८१ साली ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेल्या या अल्बमसाठी लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये काहीच मुद्रित केले गेले नव्हते.

ऋण जाहीरपणे मान्य करण्याची सवय सगळ्यांना आरंभापासून होती, असे मात्र नाही. मूळचा डॅनिश असलेला ड्रमवादक लार्स उलरिक १९८१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, केवळ डायमंड हेड हा बँड ऐकण्यासाठी अमेरिकेहून इंग्लंडला गेला आणि त्या बँडचा गिटारवादक ब्रायन टॅटलर याच्याच घरी मुक्काम ठोकून राहिला. परतल्यावर त्याने मेटॅलिका उभी केली, आणि सुरुवातीच्या मैफलींत ही मंडळी डायमंड हेडची गाणी वाजवत, तेव्हा ती आपली नाहीत हे सांगण्याची तसदी घेत नसत. परतफेड पुढे झाली, आणि ती व्याजासह झाली. १९८४ मध्ये त्यांनी ‘अॅम आय ईव्हिल?’ मुद्रित केले, त्याच्या स्वामित्वधनाचा टॅटलरला मोठा आधार मिळाला, आणि जून २०१० मध्ये बल्गेरियातील सोफिया येथे मेटॅलिका, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स एकत्र मंचावर आले ते याच गाण्यासाठी. त्याच कार्यक्रमातल्या स्लेयर या चौथ्या बँडतर्फे मात्र एकटा ड्रमवादक डेव्ह लोम्बार्डो आला. मानापमान कोणत्या मंचाला चुकले आहेत?

मेटॅलिकाने हे गाणे जवळजवळ मूळ बरहुकूम वाजवले आहे, आणि एरवी अशा नकलेचा मला कंटाळा आहे. एखाद्या थोर बँडला वाहिलेले आदरांजलीचे अल्बम मी सहसा अर्ध्यावर सोडतो. भक्ती भरपूर असते आणि धाडस मुळीच नसते. पण अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, हे प्रत्येक वेळी सांगता येतेच असे नाही. ‘व्हिस्की इन द जार’ हे आयर्लंडचे जुने लोकगीत. त्याचा कर्ता कोणाला ठाऊक नाही. १९७२ साली थिन लिझी या बँडने ते रॉकमध्ये आणताना त्यांचे गिटारवादक एरिक बेल यांनी त्याला गिटारची एक ओळ जोडली, जी लोकगीतात कधी नव्हतीच. मेटॅलिकाने १९९८ च्या ‘गॅरेज इंक.’मध्ये घेतले ते लोकगीत नव्हे, तर थिन लिझीचे गाणे, त्या ओळीसकट. आणि २००० साली त्यालाच ग्रॅमी मिळाले. बेल यांची ती ओळ वगळून हे गाणे गुणगुणून पाहावे, म्हणजे त्या पुरस्कारातला त्यांचा वाटा किती होता ते ध्यानात येईल.